पितळी की पोलादी

इकडे परदेशात, बॉथेल गावाजवळच्या बंदुकीच्या दुकानातला म्हातारा बोलण्याआधी चष्मा पुसायचा. मला दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी जुन्या नमुन्याचं, सुटी दारू ठासायचं नवं रिव्हॉल्व्हर हवं होतं. पितळी सांगाड्याचं स्वस्त होतं, पोलादी महाग. दर शनिवारी मी भाव विचारायला गेलो की तो म्हणे, "पोलादी घे. बार उडवून पितळी ढिलं होतं."

महागातलं गळ्यात मारतोय, हे मी ओळखलं. शेवटी भडकलोच. "अरे, बार कोण उडवतंय? हळदकुंकू वाहून कपाटात ठेवणार!"

त्याने चष्मा पुसला. "मग पितळीच घे. आधी सांगायचंस." पोलादी त्याने आत ठेवलं आणि शोकेसमधलं म्हणून पितळीचा भावही आपणहून उतरवला.

मी घासाघीस करायची ती कशावर? लुबाडणाऱ्यांचाही मला इतका राग आला नव्हता.