घरटी एक माणूस

आमच्या गावात एक जुना नियम आहे आणि तो आधी नीट सांगायला हवा, कारण पुढचा सगळा संताप त्यावरच उभा आहे. वैशाख सरता सरता गावातून समुद्राकडे जाणारा वहाळ साफ करायचा असतो. तो तुंबला, तर पावसाचे पाणी नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरते. या कामाला प्रत्येक घराने एक माणूस पाठवायचा. घरटी एक माणूस. घर लहान असो वा मोठे, माणूस यायलाच हवा. जे घर येणार नाही, त्याने दुसऱ्या दिवशी देवळाचे अंगण झाडून-धुऊन द्यायचे. कामाच्या आधी देवळात गावकीची बैठक होते आणि घरांची यादी मोठ्याने वाचली जाते.

त्या वर्षी यादीत एक घर वाढायला हवे होते.

माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला गोष्टी समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलेली गोष्ट ती सोडत नाही. वाडीच्या टोकाला आमचे तीन खोल्यांचे एक घर रिकामे होते. चक्रीवादळात त्याची कौले उडाली होती, ती आम्ही पुन्हा चढवली आणि तिथे ती आपल्या दोन मैत्रिणींसह राहायला गेली. एक मैत्रीण जवळजवळ बोलत नाही, मात्र तिने घडी घातलेल्या कपड्यांच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या जुळतात. दुसरी दिवसभर बोलते आणि गॅसला हात लावायला भिते. सकाळ-संध्याकाळ एक शेजारीण डोकावून जाते. बाकी वेळ घर त्या तिघींचे. यासाठी तीन कुटुंबांनी दोन वर्षे तयारी केली होती. मी आयुष्यभर शाळेत शिकवले आहे. सिलिंडर बंद करण्याच्यासुद्धा पायऱ्या पाडून शिकवता येतात.

"बाई, पोटच्या पोरीला घराबाहेर काढलीत?" माझ्या घराशेजारच्या एकीने दगडी गडग्यापलीकडून विचारले होते.

"तुझी लेक लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा मी असं विचारलं का?" मी म्हणाले. त्यानंतर तिने महिनाभर माझ्याकडून कढीलिंब नेला नाही.

गावकीचा सध्याचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. सातवीत असताना तो गैरहजर मित्रांच्या नावालाही बेधडक 'हजर' म्हणत असे. त्या दिवशी त्याने यादी वाचायला घेतली. आमचे घर आले, माझ्या यजमानांनी हात वर केला. यादी पुढे गेली आणि संपली.

"वाडीच्या टोकाचं घर राहिलं," मी म्हणाले.

"राहिलं न्हाय, बाई. सोडलंय."

"का?"

"त्या पोरींना माफ हाय. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"देवाची लेकरं ती," मागून कोणी म्हणाले. "त्यांच्या हातात फावडं काय द्यायचं?"

"आणि ते घर कुठं हाय? संस्था हाय ती!" दुसऱ्याने भर घातली आणि चारजण हसले.

माफी गुन्ह्याला असते. त्या तिघींनी कोणता गुन्हा केला होता, हे मला कोणी सांगावे. घरपट्टी लावताना ग्रामपंचायतीला ते घर बरोबर घर वाटले होते. निवडणुकीत हात जोडून आलेल्यांना त्या दाराआड तीन मते आहेत, हे अचूक ठाऊक होते. गणपतीत प्रसादाचा द्रोण तिथे न चुकता पोहोचत होता. पट्टी, मत की प्रसाद असेल, तेव्हा ते घर होते. गावाबरोबर कामाला उतरायची वेळ आली की ती देवाची लेकरे झाली. आणि हे सगळे इतक्या प्रेमाने, की रागावणारी मीच दुष्ट ठरावी!

"ठीक आहे," मी म्हणाले. "त्या घराच्या नावावर मी येते. लिही."

त्याने सुटल्यासारखे पेन उचलले. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बसलेली माझी मुलगी उभी राहिली.

"आई, तू त्या घरात राहत नाहीस."

तिने पुरुषांच्या बाजूला बसलेल्या वडिलांकडे बोट दाखवले.

"तुझ्या घरातून बाबा येतात. आमच्या घरातून मी येणार. घरटी एक."

"अगं, चिखल असतो तिथं," अध्यक्ष म्हणाला. "साप निघतात."

"दादा, तुझ्या घरातून कोण येतं?"

"मीच."

"तुला साप चावत नाही?"

देवळात हशा उसळला, पण या वेळी तो तिच्यावर नव्हता. अध्यक्षाने मान खाली घालून घर लिहून घेतले. मी मात्र हसू शकले नाही. गावाने त्यांना यादीतून वगळले होते, आणि मी त्यांच्या जागी उभी राहून तेच करायला निघाले होते. नियम मीच तिला शिकवला होता; लागू करायची वेळ आली, तेव्हा मीच तो विसरले.

कामाच्या दिवशी तिला वहाळ ओलांडायच्या साकवाजवळचा कोरडा वाटा दिला, तोही इतरांच्या निम्मा. तो संपल्यावर, कोणी न सांगता, ती पुढच्या वाट्यात उतरली. दुपारी सगळे हातपाय धुवत असताना अध्यक्ष पिशवीतून शाल आणि नारळ काढू लागला.

"बाई, जरा बाजूला व्हा. पोरीचा सत्कार करतो. फोटो घेऊ."

"चाळीसजणांनी चिखल काढला," मी म्हणाले. "बाकीच्या एकोणचाळीस शाली कुठे आहेत?"

गणित सोपे होते. शाल पुन्हा पिशवीत गेली.

नवरात्राआधी गावची पाखाडी, म्हणजे देवळाकडे जाणारी जांभ्या दगडांची वाट, साफ होते. नियम तोच. त्या सकाळी तिघींनी पहिल्यांदाच कोणाच्या मदतीशिवाय घावणे केले, आणि त्या आनंदात पाखाडी साफ विसरून गेल्या. संध्याकाळी मी नारळ द्यायला तिथे गेले होते, तेव्हा अध्यक्ष तरातरा अंगणात आला.

"काय गं, सकाळी कुठं होतात? सगळं गाव आलं, तुमचं घर तेवढं न्हाय! उद्या सातला देवळाचं अंगण तुमच्याकडं. झाडून, धुऊन. आणि कारणं सांगायची न्हायत!"

माझ्या जिभेवर कारण तयार होते. बोलक्या मैत्रिणीला दोन दिवस खोकला होता, ते खोटेही नव्हते. मी नारळ खाली ठेवला आणि गप्प राहिले.

"ओरडतोस कशाला?" मुलगी दारातून म्हणाली. "येतो सातला." आणि तिने दार लावून घेतले. आत लगेच खराटा कोणी आणायचा यावर भांडण सुरू झाले.

तो माझ्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाई, तुमची पोरगी उलट बोलते हो."

"ते तिला सांग. तिचं घर आहे," मी म्हणाले आणि माझ्या घराची वाट धरली.