पाळकसाहेबांचं एक मिनिट

आमच्या पाळकसाहेबांचा रविवारचा उपदेश तासाच्या आत कधी संपलेला नाही. आता गावच्या रेडिओवर त्यांना रोज सकाळी बाजारभावानंतर एकच मिनिट मिळतं. प्रभूची प्रीती एका मिनिटात सांगायची म्हणजे नऊवारी लुगडं काडेपेटीत कोंबण्यासारखंच!

काल मी दळण घेऊन गिरणीत उभी होते. तिथल्या रेडिओवर त्यांचा आवाज येताच शंकरभाऊंनी गिरणी थांबवली. शंकरभाऊ काही चर्चला येणारे नव्हेत, पण हे मिनिट चुकवत नाहीत.

"सलाम मंडळी. प्रभू प्रत्येकाची काळजी घेतो," पाळकसाहेब म्हणाले. चर्चमध्ये उपदेशाआधी आजाऱ्यांची विचारपूस करायची त्यांची रीत. तीच इथेही आडवी आली. "गिरणीवाले शंकरभाऊ, खोकला कसा आहे? तोंडाला फडकं बांधत जा. आणि मार्थाबाई, तुमचा गुडघा..."

तेवढ्यात जाहिरात वाजली.

"अहो, बायबलातलं वचन राहिलंच की!" मी हसत म्हणाले. पण खरंच राहिलं का? एवढ्या मोठ्या देवाची काळजी माणसापर्यंत पोचते, ती अशी कुणाच्या तरी खोकल्यापासूनच ना?

शंकरभाऊंनी खुंटीवरचं फडकं काढून तोंडाला बांधलं आणि रेडिओकडे बघत म्हणाले, "आता बराय, साहेब."