भुईवरचा मान्ना

"वेच की. तुमच्या देवानं बी भुईवरच टाकलं व्हतं म्हनं."

असं म्हणून चेअरमनने सुकडीचं माप माझ्या पदरात न टाकता खाली मातीत उपडं केलं. रांगेतले गडी हसले. त्याच्या शेजारी उभे असलेले आमचे चर्चचे पाळकसाहेबही हसले. देवाने भुकेल्या लोकांसाठी आकाशातून पाडलेल्या भाकरीची, मान्नाची गोष्ट त्याला त्यांनीच तर सांगितली होती. मोठ्या भक्तिभावाने.

दुष्काळ होता. युसूफ वडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आई आणि मी खडी फोडायचो. कामावरच्या माणसांसाठी सरकार सुकडी पाठवायचं, म्हणजे गोडसर भरड पीठ. ती उतरायची सोसायटीच्या गोदामात आणि वाटायचा सोसायटीचा चेअरमन. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, आणि तोरा असा की जणू स्वतःच्या परसात पिकवलीय. गावातल्या बायकांच्या डब्यात माप अलगद रिकामं व्हायचं. आमची वस्ती ख्रिस्ती झालेली, पण आमची जुनी जात त्याला तोंडपाठ. आम्ही रांगेच्या शेवटी. पदर पसरायचा, 'मायबाप' म्हणायचं, मग तो वरून टाकणार. विटाळ नको म्हणून हात खाली यायचा नाही. वाऱ्याने निम्मं उडून जायचं.

त्या दिवशी मी 'मायबाप' म्हटलं नाही. माझा बाप वारला होता आणि माय शेजारी उभी होती. ह्या ढेरपोट्याला कशाला म्हणू?

म्हणून ते माप मातीत पडलं.

आई लगेच वाकली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मातीसकट सुकडी ती ओच्यात भरू लागली. मला त्या दोघा पुरुषांची किळस आली. अजून येते.

शास्त्र मलाही येत होतं. रानात मान्ना पडला तेव्हा ज्याने त्याने आपल्या पोटापुरता वेचला. कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. ज्यांनी हावरटासारखा साठवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. एवढं मात्र पाळकसाहेब चेअरमनला सांगायचं विसरले होते. गोदामातल्या पोत्यांचा कुबट वास रस्त्यापर्यंत यायचा.

"देवानं टाकलं तवा मधी कुनी चेरमन नव्हता," मी म्हणाले. आईचा दंड धरून तिला उभं केलं. ओच्यातली सुकडी परत खाली सांडली.

"आता खावं काय, बाई?" आई म्हणाली.

 त्या रात्री पाणी पिऊन झोपलो. उपाशी राहण्यात काही थोर नसतं. आतडी पिळवटतात, बस्स.

रविवारी प्रार्थनेला गेलो तर क्रुसाखाली खुर्ची. खुर्चीत चेअरमन, गळ्यात हार. रानातल्या त्या लोकांनी देवाला सोडून सोन्याचं वासरू पुजलं होतं. आमच्या वाट्याला खादीचं आलं.

पाळकसाहेब म्हणाले, "चेअरमनसाहेबांच्या हातून देवाने आपल्याला मान्ना दिला. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आईचीही. मी उभी राहिले.

"मिसरातून सुटल्यावर लोकांनी देवाची उपासना केली. फारोला खुर्ची दिली न्हाई."

चेअरमनला काही कळलं नाही. फारो म्हणजे त्या लोकांना गुलाम करणारा मिसरचा राजा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेबांना मात्र नीट कळलं. ते जवळ येऊन दातओठ खात म्हणाले, "खाली बस. सगळ्यांची सुकडी बंद करतील ते."

देवाचा माणूस म्हणे! आकाशातून भाकर पडली यावर ह्याचा विश्वास, आणि भीती मात्र सोसायटीच्या चेअरमनची. ह्या पाळकाच्या वाट्याची सुकडी फडक्याखाली झाकून घरपोच जायची, हे वस्तीला ठाऊक होतं.

मी बसले नाही. प्रार्थना झाली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आईनेही म्हटलं. तिला मी दोष देत नाही, ती भुकेली होती. मीही भुकेलीच होते. मी म्हटलं नाही.

देवाला मी अजून मानते. वाढप्याला देव म्हणणार नाही. उपाशी मेले तरी नाही.