मुरबाडच्या गेटवरचा फोन

वाशिंदच्या कारखान्यात मी नेटवर्क सांभाळायचो. कंपनीचा दुसरा कारखाना मुरबाडला. दोन्हीकडचे फोन आम्ही इंटरनेटवरून जोडले, तेव्हा मुरबाडच्या गेटवर उभं राहून मीच सगळ्यांना सांगितलं होतं, की या फोनला पैसे पडत नाहीत, पोटभर बोला. मोबाइल कामावर नेता येत नसे, दोन्हीकडे ते गेटवरच जमा व्हायचे.

पण मिस्ड कॉलची सवय आमच्या लोकांच्या हाडात मुरलेली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे ये. फुकटच्या फोनवरूनही माणसं रिंग द्यायची आणि झटकन ठेवून द्यायची. बहिणीचं घर त्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. आई तिच्याकडेच होती, दम्याने पार खचलेली. लागोपाठ दोन रिंगा आल्या की मी हातातलं काम टाकून निघायचं, असं आमचं ठरलेलं.

मग मुंबईच्या ऑफिसातून हुकूम आला. बाहेरचा, अगदी मुरबाडचाही, प्रत्येक कॉल ज्या यंत्रातून आमच्याकडे आत यायचा, त्यावर नवा नियम घाला. एखादा फोन सारखा वाजून तुटत असेल, तर तो फोन घातक समजायचा आणि त्याचे कॉल आत घ्यायचे नाहीत. पुन्हा उघडायचा अधिकार फक्त मुंबईला.

मी भांडलो. आमच्याकडे सगळेच असे फोन करतात, निदान मुरबाडचं गेट तरी वगळा, म्हणून विनवलं. मुंबईचे साहेब हसले. लोकांना शिकवा म्हणाले. शिकवा म्हणे! यांना मुरबाड नकाशात दाखवता आलं नसतं. नोकरी माझी होती, नियम मीच यंत्रात भरला. बहिणीला बजावलं, की रिंग देऊन ठेवू नकोस, मी उचलेपर्यंत वाजू दे. ती हो म्हणाली. मी गेटवर मात्र किती जणांना सांगणार होतो?

मग एका दुपारी मुरबाडची पाळी सुटली आणि नेहमीप्रमाणे गेटवरून वाशिंदला एकामागून एक रिंगा गेल्या. कोणी भावाला, कोणी नवऱ्याला. यंत्राने गेटचा फोन बंद केला. त्यानंतर आईचा दम वाढला म्हणून बहीण गेटवर धावत आली. मी सांगितलं होतं तसंच तिने केलं, रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. पण आता तिकडे नुसता बिझीचा आवाज येत होता. मी दुपारभर माझ्या टेबलाशीच होतो. समोर फोन होता आणि तो वाजला नाही, म्हणून मी निवांत होतो. या निवांतपणाचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी बहिणीचा शेजारी मला न्यायला आला. शहापूरहून आम्ही मुरबाडची जीप धरली. बहिणीच्या ओटीवर चपलांची गर्दी दिसली.

बहिणीने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आईच्या उशाशी बसून ती हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत इचारत व्हती रे, लागला का फोन. मी सांगितला, बिझी येतंय, म्हंजे जागेवर हाय तो. आता येलच."