दंड सैल सोडा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोल्हापुरातल्या पुरुषाचा नुसता दंड, म्हणजे वरचा चेहरा आणि मागचं धड वगळून केवळ दंड, फोटोत पकडणं ही माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. कुणाला शंका असेल तर त्याने स्वतः करून पाहावं. मी एक अख्खा पावसाळा हेच केलं आहे. त्यात माझा आवाज बसला तो दसऱ्यापर्यंत उठला नाही.

मोबाइलला नुकते कॅमेरे आले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात तसला फोन फक्त माझ्याकडे होता, भावाने दुबईहून आणलेला. आणि आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत धाकट्या दिराने टॅटूचं दुकान काढलं होतं. गोव्यात राहून तो हे काम शिकून आला होता. हात खरोखर चांगला. पण माझ्या सासऱ्यांच्या लेखी जत्रेत बसून नाव गोंदणारा आणि हा यांच्यात फरक एवढाच, की याला लाइटचं बिल येतं. त्यांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात दिरासाठी शब्द टाकून ठेवला होता. दिवाळी झाली की हजर व्हायचं.

दीर म्हणे, दुकानात कामाचे फोटो लावले की गिऱ्हाईक आपोआप येईल, थोडी कळ काढा. शेवटी सासऱ्यांनी अट घातली. पाडव्यापर्यंत एक तरी फोटो असा दाखवायचा, की त्यातलं चित्र कशाचं आहे हे कुणी न सांगता त्यांना कळलं पाहिजे.

"वळखलं तर कागलचं नाव काढणार न्हाय," ते म्हणाले. "न्हाय वळखलं, तर डबा घासून ठीव."

पहिला फोटो दिरानेच काढला. हाताला व्हॅसलीन, तोच अंगठा कॅमेऱ्याच्या भिंगावर. फोटोत सगळं जग धुक्यात गेलेलं. मी फोन हिसकावून घेतला, पदराने भिंग पुसलं आणि त्या क्षणी, मला कुणीही न विचारता, मी त्या दुकानाची फोटोग्राफर झाले.

आमचा पहिला बळी शेजारच्या तालमीतला पैलवान. दंडावर वाघाचं तोंड, नुकतंच पूर्ण झालेलं. कातडी सुजलेली, लालबुंद, वरून व्हॅसलीनची चमक. मी फ्लॅश मारला. वाघाच्या नाकावर सूर्य उगवला. त्याचा फोटो स्टुडिओतून छापून आणून सासऱ्यांपुढे ठेवला, तर त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "फणस हाय व्हय?"

मग मी शहाणी झाले. फ्लॅश बंद. सूज उतरल्यावरच बोलवायचं. ट्यूबलाइटखाली नाही, दाराशी सावलीत उभं करायचं. फार जवळ गेलं की त्या फोनला दिसेनासं व्हायचं, म्हणून हातभर लांब राहायचं. हे सगळं मी शिकले, पाठ केलं, दिराकडूनही पाठ करून घेतलं. पैलवानाला परत बोलावलं. मी फोन वर केला आणि त्याने दंड फुगवला.

वाघाचे गाल दोन्हीकडे पसरले. मघाचा उग्र वाघ आता लग्नात जेवून उठल्यासारखा हसत होता. मी म्हटलं, पैलवान, दंड सैल सोडा. त्याने छाती फुगवली. मी म्हटलं, श्वासही सोडा. त्याने मिशीला पीळ दिला आणि हळूच मान वाकवून चेहरा वाघाशेजारी आणून ठेवला.

"तुमचा चेहरा नकोय," मी म्हटलं.

"वैनी, मग फोटो कशाचा?" त्याला खरंच कळेना. "आनि सैल दंड लोकांनी बघितला, तर तालमीत तोंड कसं दाखवू?"

तो फोटो पाहून सासरे खूश झाले. म्हणाले, पैलवानाच्या मिशा चांगल्या आल्यात. वाघाचा उल्लेख नाही.

पुढे जो आला तो तसाच. कॉलेजचा पोरगा आला, रिक्षावाला आला, एक हवालदार आला. मोरपीस असो की डमरू, मी फोन उचलला की दंड फुगलाच. दंडच नसेल त्याने मूठ आवळली. हवालदाराने तर सलाम ठोकला, त्यामुळे त्याच्या दंडावरचा घोडा आडवा झाला. मी ओरडायची, दीर हात जोडायचा, आणि सासरे आतून विचारायचे, कागलला सकाळची गाडी किती वाजता असते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा आमचा गवळी दुकानात आला. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारा. सासरे वर्षानुवर्षं त्याच्या त्याच म्हशीचं दूध तिथंच उभ्याने पिऊन यायचे. तिच्यावर त्याचा इतका जीव, की त्याने तिचं तोंड दंडावर काढून घेतलं. दिराने जीव ओतला त्यात. मागे वळलेली शिंगं, एक जरा खाली झुकलेलं, कपाळावर पांढरा ठिपका.

सूज उतरल्यावर मी त्याच्या गोठ्यात गेले. फोन वर केला. त्याने दंड फुगवला. म्हैस फुगली, बेडकासारखी. मी समजावलं, रागावले, फोन खाली ठेवला. त्याने दंड खाली केला. फोन उचलला, म्हैस परत फुगली. माझ्या डोळ्यांपुढे दिराचा डबा दिसायला लागला.

शेवटी कंटाळून मी म्हटलं, दादा, जाऊ दे फोटो, म्हशीला खाजवा जरा, माश्या बसल्यात तिच्यावर. तो तिच्याकडे वळला. पाठीवर हात टाकून तिच्याशी बोलायला लागला, आई लेकराशी बोलते तसं. फोन, मी, फोटो, सगळं विसरला. दंड सैल पडला. मागे म्हशीची काळीभोर पाठ, पडद्यासारखी. गोठ्याच्या दारातून मऊ उजेड. मी श्वास रोखून बटण दाबलं.

पाडव्याच्या सकाळी रस्त्यावर म्हशी सजवून पळवायची धांदल चालू होती. सासरे पायरीवर बसले होते. गवळी घाईत दूध घालायला आला होता; त्याला आपली म्हैस मिरवायला न्यायची होती. दिराने फोटो सासऱ्यांच्या हातात दिला. त्यात ना चेहरा, ना मिशा. खांद्यापासून कोपरापर्यंत, बस. मी दाराला धरून उभी. दीर माझ्यामागे.

सासऱ्यांनी चष्मा लावला. फोटो उजेडाकडे धरला. जवळ नेला. कपाळाला आठी पडली. मग मान वर करून, आमच्याकडे न बघता, ते थेट गवळ्यावर कडाडले,

"व्हय रं, किती वाळलीया ही! पेंड घालतोस का न्हाईस माझ्या म्हशीला?"