हातपंपाचे दात

औरंगपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानात लग्नाचा बस्ता चालू होता. मी साड्या उलगडून दाखवत होते. नवरी काहीतरी बोलली, मी हसले. मालकीणबाई गल्ल्यावरून उठल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात मास्क दिला.

"हा लाव. तुझे दात बघून गिऱ्हाईक साडीला हात लावत नाही."

नवरीनं मान खाली घातली. तिची मावशी हसली. मी मास्क लावला. दिवसभर.

माझे दात पिवळे, मधे तपकिरी डाग. आमची वस्ती लासूर स्टेशनकडची, मेंढरं राखणाऱ्यांची. तिथं सगळ्यांचेच असे. शहरात आले अन् लपवायला शिकले. लिंबू-मीठ घासलं. कोळसा घासला. मोबाईलवर बघून खायचा सोडा घासला. हिरड्यांतून रक्त आलं, डाग तसाच.

त्याच आठवड्यात आई आली. पुंडलिकनगरच्या माझ्या खोलीची किल्ली घ्यायला थेट दुकानात. दारातूनच माझ्याकडं बघून हसली. माझ्यासारखेच दात. माझ्यासोबत काम करणाऱ्या पोरीनं विचारलं, कोण गं?

मी म्हणाले, "गावाकडची बाई हाय एक."

आईनं ऐकलं. तोंडाला पदर लावला अन् बाहेर पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळी खोलीवर तिनं भाकरी केल्या, कालवण केलं. पहिली गरम भाकरी मलाच वाढली.

तरी दुसऱ्या दिवशी मी दातांच्या दवाखान्यात गेलेच. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. नुसतं पॉलिश केलं तर हे डाग जाणार नायत. ब्लीचिंग दवाखान्यात करता येतं, नायतर घरी साच्यात जेल भरून रोज लावायचं. पिवळेपणा कमी होईल, तपकिरी बहुतेक राहील. नायतर दात थोडे घासून वरून पांढरं पातळ कवच चिकटवायचं. घासलेला दात मात्र पुन्हा भरून येत नाय.

मी म्हणाले, घासा.

त्यांनी आधी लहानपणी पाणी कुठलं प्यायचात, विचारलं. हातपंपाचं, मी सांगितलं.

"मग ही घाण नाही," त्या म्हणाल्या. "पाण्यात फ्लोराईड जास्त असणार. दात तयार होतानाच डाग पडलेत. यात तुमची काही चूक नाही."

आयुष्यभर मला वाटायचं, आपणच नीट घासत नाय.

गावात नळाची लाईन आली ती जमीनवाल्यांच्या आळीत थांबली. वस्तीला सांगितलं, तुमचं काय, आज इथं उद्या तिथं, हातपंप हाय की. अन् शाळेत त्यांचीच पोरं आम्हाला 'तंबाखूदाते' म्हणायची. आम्ही ऐकून घ्यायचो.

मी खुर्चीतून उठले. काहीच करायचं नाय, म्हणाले.

दुकानात उघड्या तोंडानं गेले. मालकीणबाईंना सांगितलं, "दात स्वच्छ हायेत माझे. मास्क लावणार नाय." त्यांनी मला मागं गोदामात घड्या घालायला बसवलं. महिना भरला अन् मी काम सोडलं.

वस्तीवर परतले अन् आईचे पाय धरले. ती म्हणाली, "शहरात लाज वाटतीच गं." दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती लाज अजून गेली नाय माझी.

वस्तीवर पोरांचे दुधाचे दात पडायला लागलेत. त्यांच्यामागच्या धाकट्यांचे पक्के दात अजून हिरडीत तयार होतायत. हातपंपाचं पाणी बाटलीत भरून मी तपासायला दिलंय. ग्रामसभेत जमीनवाले पुढं बसतात, आमच्या बाया पार मागं. यावेळी मी पुढं बसणार. नळ वस्तीपर्यंत कधी आणता, ते लिहून घेतल्याबगर उठणार नाय.