एका फेऱ्याचा पाहुणचार

माझ्या थोरल्या साडूंच्या यंत्राइतकं सावकाश चालणारं यंत्र या पृथ्वीतलावर कोणी बांधलेलं नाही, आणि तेही त्यांनी लोखंडात नव्हे, अर्जुनी मोरगावच्या घरातल्या कॉम्प्युटरवर बांधलं. उभा जन्म राईस मिलमध्ये फिटर म्हणून गेलेला. तिथल्या घसरणाऱ्या पट्ट्यांवर त्यांचा एवढा राग की कमरेलासुद्धा कधी पट्टा लावला नाही. "पट्टा दगा देते जी, चाकाचा दाता नाही देत," असं ते लग्नाच्या पंगतीतही सांगत. म्हणून निवृत्तीनंतर वैशूनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, यंत्रं जोडण्याचा एक गेम लावून दिला आणि त्यात दातेरी चाकं निघाली, तेव्हा साडूंना दुसरा जन्म मिळाला.

गेममध्ये माल टेकडीवर नेणारी गाडी बनवायची होती; पहिल्या गाडीत त्यांनी मोटर थेट चाकांना जोडली. गाडी टेकडी चढायच्या ऐवजी मालासकट आभाळात गेली. साडू खुर्चीतून उठून खिडकीबाहेर बघून आले. वैशू पोट धरून हसली. मग तिनं इंग्रजी सूचना वाचून सांगितल्या, साडूंनी आठ दात्यांच्या चाकाला चाळीस दात्यांचं चाक भिडवलं, वेग पाचपट उतरला, जोर तेवढाच चढला आणि गाडी मुकाट्यानं टेकडीवर गेली. कोणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. साडूंनी अशा पाच जोड्या एकापुढे एक लावल्या. मोटर सेकंदाला एक फेरा मारी. शेवटच्या चाकाला त्याच एका फेऱ्यासाठी जवळजवळ तास लागे. त्या चाकावर त्यांनी एक लाल ठिपका दिला होता. आंघोळीआधी आणि आंघोळीनंतर ते ठिपका पाहत. "फिरून राहिलं!" म्हणून शेजाऱ्यांना बोलावत. शेजारी त्या स्थिर चित्राकडे बघून माना डोलावत. "याचा उपयोग काय हो?" मी एकदा विचारलं. "याच्यानं पहाड सरकते जी!" ते म्हणाले. पहाड कुठंच नव्हता.

अशात कामठ्याहून वैशूला पाहायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आजोबा. पोहे झाले, दोन प्रश्न झाले, वडील दुपारच्या पॅसेंजरसाठी घड्याळ बघू लागले. तेवढ्यात साडूंनी कॉम्प्युटर लावला. "एक फेरा पाहूनच जा जी." माझी मेहुणी दारातून डोळे वटारत होती, तिच्या मते स्थळ गेलंच होतं. पण आजोबा खुर्ची ओढून समोर बसले. अर्धा तास गेला. वरचा ठिपका खाली आला. वडीलही सरसावले. पाऊण तास झाला, पॅसेंजर निघून गेली, ठिपका वर पोचायला बोटभर अंतर उरलं, आणि लाईट गेली.

आजोबा गरजले, "आता पुरा पाहल्याबिगर मी हालत नाही!"

लाईट आली तेव्हा सगळी जोडणी पुसलेली होती. पडद्यावर पुन्हा इंग्रजी सूचना आल्या, म्हणून वैशूला बोलवावं लागलं. मुलगा शेजारी बसून चाकं जोडू लागला. त्यानं तिसरी जोडी उलटी लावली, वेग कमी व्हायचा तो वाढला, आणि वैशू सगळ्यांदेखत खो-खो हसली. मेहुणीनं कपाळाला हात लावला. मुलगाही हसत होता. संध्याकाळी ठिपका वर पोचला तेव्हा आजोबांनी टाळी वाजवली. पण ती दोघं पडद्याकडे बघतच नव्हती. वडील साडूंना म्हणाले, "पोरगी पसंत हाय जी. तुमचं मात्र समजत नाही."

लग्नानंतरच्या दिवाळीत मी गेलो, तर कॉम्प्युटरवर चादर घातलेली. साडू ओसरीवर नुसतेच बसलेले.

"काय हो, गेम बंद?"

"वैशू नाही न. इंग्रजी कोण वाचते?"

"मी वाचतो की."

अगदी माझी समजूत काढावी तसं ते म्हणाले, "तुम्ही वाचाल जी. पण माही गाडी आभाळात गेली, त हासंल कोण?"